वाचकांचे प्रश्न: बातमी शिळी झाल्यावर

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की भाऊ तुम्ही तीस वर्षं क्राईम बीट केली, तर तुम्हाला कोणासारखं व्हावंसं वाटलं का कधी. मी सहज लिहून गेलो की नेदरलँड्समध्ये एक क्राईम रिपोर्टर होऊन गेला, त्याच्या नखाची सर आपल्याला नाही. एवढंच एक वाक्य होतं. त्यावर इतके प्रश्न आले राजेहो, पोस्टाने आले, व्हॉट्सॲपवर आले, एकाने तर बर्डीवर तर्री पोहे खाता खाता हातात प्लेट असतानाच गाठलं, की यावेळचं आख्खं सदर त्या माणसालाच देऊन टाकून राहिलो. गॅस सबसिडी अन् गुंठेवारीवाले प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: माझी मुलगी आइंडहोव्हनला असते. २०२१ मध्ये तिचा फोन आला तर रडत होती, म्हणे आई आमच्या इकडच्या एका टीव्हीवाल्या पत्रकाराला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. तिला तिथं जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, भाषाही धड येत नव्हती, तरी रडली. तोच का हा? एवढं काय होतं त्या माणसात? (निवृत्त शिक्षिका, महाल)

हो ताई, तोच. पीटर आर. दे फ्रीस. जन्म १४ नोव्हेंबर १९५६, म्हणजे आपला बालदिन, गाव आल्समेर. हे गाव फुलांच्या लिलावासाठी जगात प्रसिद्ध आहे, आपल्या कळमन्यात संत्र्याची बोली लागते तशी तिथं गुलाब अन् ट्युलिपची लागते, फक्त तिथली बोली वरून खाली उतरते, म्हणजे भाव कमी होत होत येतो अन् जो आधी बटण दाबेल त्याचा माल. असो, फुलांत शिरलो तर पानं संपतील.

तर हा पोरगा १९७८ मध्ये 'दे टेलिग्राफ' या तिथल्या मोठ्या खपाच्या पेपरात शिकाऊ म्हणून लागला. हळूहळू क्राईमकडे वळला. १९८३ मध्ये हायनेकन बिअरच्या मालकाचं अपहरण झालं अन् त्या बातमीने त्याचं नाव झालं, ते खाली वेगळ्या प्रश्नात येतं. १९८७ मध्ये पेपर सोडून 'आक्टुएल' नावाच्या साप्ताहिकाचा संपादक झाला अन् त्याचं पार गुन्हेगारी-स्पेशल साप्ताहिक करून टाकलं. नंतर फ्रीलान्स, अन् मग १९९५ पासून २०१२ पर्यंत स्वतःच्या नावाचा टीव्ही शो, नावातच 'मिस्डाडफरस्लाखेव्हर' म्हणजे गुन्हे-बातमीदार. सतरा वर्षं. जुन्या न सुटलेल्या केसेस काढायच्या, पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या, चुकीचा माणूस आत असेल तर बोंब मारायची, खरा बाहेर फिरत असेल तर त्याच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायचं. आपल्याकडे अशा कार्यक्रमांत कसं भीतीदायक म्युझिक लावून नाट्यरूपांतर दाखवतात, तसं नव्हतं ते. हा माणूस खरंच फाइली वाचायचा.

तुमची मुलगी का रडली ते मी नागपुरात बसून कसं सांगू, पण अंदाज असा की त्या देशात ज्याचं कोणी ऐकत नाही तो शेवटी त्याच्याकडे जायचा. त्याच्या शेवटच्या दर्शनाला ॲमस्टरडॅमच्या कारे थिएटरात लोकांनी तासन्‌तास रांग लावली होती. क्राईम रिपोर्टरच्या मयतीला रांग! आमच्यातल्या एकाच्या मयतीला मी गेलो होतो, अकरा माणसं होती, त्यात तीन पोलीस.

प्रश्न: नावाचा उच्चार नेमका काय? आमच्या ग्रुपमध्ये भांडण चालू आहे, डी व्ह्राइस, डे व्हरीज, काय वाट्टेल ते. अन् मधला आर कशाचा? (सक्करदरा)

दे फ्रीस म्हणा, जवळपास बरोबर येईल, डच लोक व चा उच्चार फ च्या अंगाने करतात. अर्थ 'फ्रीसलँडकडचा', म्हणजे आपल्याकडे नागपूरकर, उमरेडकर असतात तसं. हे आडनाव तिथं इतकं आहे की दगड मारला तर एखाद्या दे फ्रीसलाच लागेल. आर म्हणजे रुडॉल्फ, अन् तो आर नसेल तर कोणता पीटर दे फ्रीस हे कोणाला कळणार. झालं, भांडण मिटवा.

प्रश्न: सर, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही ज्यांची स्तुती केली त्यांनी म्हणे किडनॅपरची मुलाखत घेऊन पुस्तक लिहिलं अन् पैसे कमावले. हे गुन्हेगाराचं ग्लोरिफिकेशन नाही का? (विद्यार्थी, धरमपेठ)

प्रश्न बरोबर आहे, आधी घटना सांगतो. ९ नोव्हेंबर १९८३, संध्याकाळ, ॲमस्टरडॅम. फ्रेडी हायनेकन ऑफिसातून निघाला तर त्याला अन् त्याचा ड्रायव्हर आब डोडेरर याला गाडीत कोंबून नेलं. शहराच्या पश्चिमेला बंदराकडच्या इंडस्ट्रियल एरियात एक पत्र्याचं अर्धगोल गोदाम होतं, आपल्या हिंगणा एमआयडीसीत असतात तसं, त्यात या लोकांनी आधीच एक खोटी भिंत उभी करून मागे दोन कोठड्या बांधून ठेवल्या होत्या. साखळीने बांधून तीन आठवडे ठेवलं. खंडणी ३.५ कोटी गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन), त्या काळात! पैसे दिले गेले, पण त्याने सुटका झाली नाही, पोलिसांना एक निनावी टीप मिळाली होती तिच्यावरून ३० नोव्हेंबरला गोदामावर छापा पडला अन् दोघं जिवंत सापडले. पैशांतला बराचसा भाग जंगलात पुरलेला मिळाला, सगळा नाही.

आरोपी काही मोठे डॉन वगैरे नव्हते, एकमेकांचे बालपणीचे दोस्त, मेहुणे असं घरगुती प्रकरण होतं. त्यातले दोन म्होरके, कोर फान हाउट अन् विलेम होलेडर, पॅरिसला पळाले अन् १९८४ मध्ये तिथं पकडले गेले. दे फ्रीसने या कोर फान हाउटला गाठलं, त्याचा विश्वास मिळवला, अन् आतून सगळं कसं ठरलं, गोदाम कसं बांधलं, पैसे कसे घेतले हे त्याच्या तोंडून काढून १९८७ मध्ये 'अल्फ्रेड हायनेकनचं अपहरण' हे पुस्तक लिहिलं. तुफान खपलं. २०१५ मध्ये त्यावर इंग्रजी सिनेमाही आला, त्यात हायनेकनचं काम अँथनी हॉपकिन्सने केलं.

आता तुझा मुद्दा. पुस्तकात पोलिसांची बाजू नाही, गोष्ट गुन्हेगाराच्या खांद्यावर बसून सांगितलीय, त्यामुळे वाचताना आपण नकळत त्यांच्या बाजूने धावायला लागतो, हे खरंच आहे. अन् कोरशी त्याची पुढे दोस्ती झाली, ती त्याने लपवली पण नाही. मला विचारशील तर हे मला खटकतं. मी ज्या हिस्ट्रीशीटरांच्या बाजूला बसून चहा प्यायलो त्यांच्या घरच्या लग्नाला गेलो नाही कधी, पत्रिका आली तरी. पण दुसरी बाजू ऐक, तू वकील होणार आहेस. त्या टोळीतला तिसरा, फ्रान्स मेयर, मनोरुग्णालयातून पळून गेला होता अन् पोलिसांना वर्षानुवर्षं सापडत नव्हता, त्याला १९९४ मध्ये पॅराग्वेत शोधून काढलं ते याच दे फ्रीसने. म्हणजे दोस्ती एका जागी अन् काम एका जागी. कोरचा २००३ मध्ये भर रस्त्यात खून झाला, अन् २०१९ मध्ये होलेडरला जन्मठेप झाली ती ज्या खुनांसाठी त्यात हा खूनही होता, स्वतःच्या बालमित्राचा अन् बहिणीच्या नवऱ्याचा. त्या खटल्यात होलेडरच्या विरुद्ध दे फ्रीसनेही साक्ष दिली. ग्लोरिफाय करणारा माणूस साक्ष द्यायला उभा राहात नाही, असं माझं मत. तुझं वेगळं असू शकतं.

प्रश्न: राजकारणात गेले होते का ते? (खामला)

प्रयत्न केला होता. २००५ मध्ये पक्ष काढला अन् अटही स्वतःच घातली की सर्व्हेत ४१ टक्के लोक हो म्हणाले तरच उतरेन. ३१ टक्के म्हणाले. दुकान बंद. आपल्याकडे ३ टक्क्यांवर लोक डिपॉझिट भरतात.

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाचा खून झाला त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात आमच्या दारात इतके कॅमेरे होते की आईला बाथरूमला जाता येत नव्हतं. तिचा रडतानाचा फोटो पहिल्या पानावर आला. आता केस सुरू आहे, तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख. एकही पत्रकार येत नाही. फोन केला तर म्हणतात काही नवीन झालं तर कळवा. तुमच्या त्या परदेशी माणसाचं कौतुक वाचून रागच आला मला, खरं सांगतो. (नाव छापू नका, हुडकेश्वर)

दादा, राग बरोबर आहे, अन् तो माझ्यावर काढला हे तर फारच बरोबर केलं.

मी त्या माणसाचं नाव घेतलं ते याचसाठी. हायनेकन वगैरे सगळं सिनेमातलं झालं, सांगतो ते ऐका. १९९८ चा ऑगस्ट, तिकडच्या दक्षिणेला लिम्बुर्ग भागात मुलांचं उन्हाळी शिबिर होतं, त्यातून निकी फेर्स्टापेन नावाचा ११ वर्षांचा पोरगा रात्री तंबूतून गायब झाला अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या माळरानावर त्याचा मृतदेह सापडला. आरोपी मिळाला नाही. एक वर्ष गेलं, पाच गेले, दहा गेले. दे फ्रीस त्या आईबापांच्या सोबत राहिला. कधी शो करून, कधी कुटुंबाच्या वतीने बोलून, कधी पोलिसांवर प्रेशर आणून. त्याचा शो २०१२ मध्ये संपला तरी हे संपलं नाही, म्हणजे आता चॅनल पण नव्हतं, टीआरपी पण नव्हता. २०१८ मध्ये पोलिसांनी त्या भागातल्या २१,५०० पुरुषांना स्वतःहून येऊन डीएनए द्या म्हणून बोलावलं. हजारो आले. एक माणूस आला नाही, उलट त्याच्या घरच्यांनी तो बेपत्ता असल्याची तक्रार दिली, मग त्याच्या वस्तूंवरचा डीएनए पाहिला तर पोराच्या कपड्यांवरच्या डीएनएशी जुळला. गंमत, म्हणजे गंमत नाही, संताप असा की १९९८ मध्ये पोलिसांनी त्याच माणसाला त्या जागेजवळ रात्री हटकलं होतं अन् जाऊ दिलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये तो स्पेनमध्ये पकडला गेला, २०२० मध्ये शिक्षा झाली साडेबारा वर्षं, अपिलात २०२२ मध्ये ती १६ केली. अपिलाचा निकाल ऐकायला दे फ्रीस नव्हता.

वीस वर्षं दादा. तुमच्या नऊच्या दुपटीहून जास्त.

अन् नुसतं फिर्यादीच्याच बाजूने उभा राहायचा असं पण नाही. १९९४ मध्ये पुटेन नावाच्या गावात आजीच्या घरी आलेल्या एका तरुण एअर होस्टेसचा खून झाला. गावातल्या दोघांना पकडलं, त्यांनी कबुली दिली, ती कशी घेतली असेल ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. मृतदेहावर सापडलेलं वीर्य दोघांपैकी एकाचंही नव्हतं. पण सरकारी पक्षाने थिअरी काढली की ते आधीचं कोणाचं तरी होतं, ते या प्रकारात बाहेर ओढलं गेलं. अशी थिअरी! कोर्टाने मानली, दोघांना दहा-दहा वर्षं. दे फ्रीसने एकामागून एक कार्यक्रम केले, इकडे ज्या तज्ज्ञाच्या भरवशावर ती थिअरी उभी होती त्यानेच माघार घेतली, केस पुन्हा उघडली अन् २००२ मध्ये दोघं निर्दोष सुटले, तोवर त्यांची शिक्षा भोगून झाली होती. २००८ मध्ये डीएनए तिसऱ्याच माणसाशी जुळला अन् त्याला शिक्षा झाली. विचार करा, ज्या दोघांना सगळं गाव खुनी म्हणून राहिलं होतं त्यांच्या बाजूने टीव्हीवर उभं राहायला काय लागत असेल.

आता माझं. उत्तर नागपुरात एका बाईचा मुलगा मारला गेला होता, त्यावर मी महिनाभरात अकरा बातम्या केल्या, मोजून, कात्रणं आहेत. मग इलेक्शन लागलं. मग दुसरं काही झालं. तीनेक वर्षांनी ती बाई मला सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात दिसली, पिशवी घेऊन बसली होती, मी नजर चुकवली पण तिने ओळखलं. उठली अन् विचारलं, "साहेब, तुमची बदली झाली होती का?" तिला वाटलं पोलिसांसारख्या आमच्या पण बदल्या होतात. मी हो म्हणालो.

तुमचा नंबर आहे माझ्याकडे. तारखेच्या आदल्या दिवशी मला सांगा, मी येतो. रिटायर माणूस आहे, मला कोणी असाइनमेंट देत नाही आता अन् कोणी थांबवत पण नाही.

प्रश्न: आम्हाला जर्नालिझमच्या वर्गात शिकवलं की छुपा कॅमेरा वापरू नये, अन् त्याच सरांनी दे फ्रीस यांना छुप्या कॅमेऱ्यासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला हे पण सांगितलं. मंग आम्ही काय समजायचं? (विद्यार्थिनी, अंबाझरी)

तुमच्या सरांना पण हेच पडलं असेल, म्हणून दोन्ही सांगून मोकळे झाले.

केस अशी की नॅटली हॉलोवे, १८ वर्षांची अमेरिकन मुलगी, शाळा संपल्याच्या ट्रिपला आरुबा बेटावर गेली, हे बेट डच राज्यात येतं, अन् ३० मे २००५ ला गायब झाली. शेवटची दिसली ती योरान फान डेर स्लोट नावाच्या डच पोराबरोबर. पकडलं, सोडलं, पकडलं, सोडलं. तो दर वेळी नवीन स्टोरी सांगायचा. दे फ्रीसने काय केलं, एका माणसाला त्याचा दोस्त बनवलं, त्याच्या गाडीत छुपे कॅमेरे बसवले अन् दोघं गांजा ओढत गाडीत फिरत असताना योरान बोलून गेला की ती बीचवर अचानक निपचित पडली अन् एका ओळखीच्याकडून तिला समुद्रात टाकून दिलं. ३ फेब्रुवारी २००८ ला हे दाखवलं. १ कोटी ६० लाख वस्तीच्या देशात ७० लाख लोकांनी पाहिलं, म्हणजे त्या रात्री आपल्या गल्लीत निम्म्या घरांत एकच चॅनल. त्याच वर्षी न्यूयॉर्कला इंटरनॅशनल एमी मिळाला. हे दाखवायच्या थोडं आधी एका चॅट शोनंतर योरानने दे फ्रीसच्या तोंडावर ग्लासातली वाइन फेकली होती, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला.

पण पुढे ऐक. त्या टेपवर कोर्टाने त्याला अटक करायला नकार दिला. तो म्हणाला मी फेकत होतो, समोरच्याला जे ऐकायचं होतं ते बोललो. मग २०१० मध्ये, तारीख पाहा, पुन्हा ३० मे, पेरूमध्ये लिमाच्या एका हॉटेलात त्याने दुसऱ्या मुलीचा खून केला, २८ वर्षं शिक्षा झाली. अन् २०२३ मध्ये अमेरिकेत त्याने नॅटलीचा खून कबूल केला, पण तो प्रकार टेपवर सांगितल्यापेक्षा वेगळाच निघाला, ती आपोआप पडली नव्हती, नकार दिला म्हणून त्याने तिला मारलं होतं. म्हणजे ७० लाख लोकांनी पाहिलेली ती कबुली पण पुरती खरी नव्हती. माणूस बरोबर पकडला होता, गोष्ट चुकीची होती.

म्हणून माझं मत: छुप्या कॅमेऱ्यात पकडलेला माणूस पण खोटं बोलू शकतो, हे आम्ही लोक विसरतो, आम्हाला वाटतं लपून ऐकलं म्हणजे खरंच. दे फ्रीसच्या कामातलं सगळ्यात गाजलेलं ते हेच, अन् मला विचारशील तर पुटेन याच्यापेक्षा कितीतरी वरचं काम. पण पुटेनला कोण वाइन फेकतो.

प्रश्न: भाऊ, मारलं कोणी अन् का? अन् एवढा धोका होता तर बॉडीगार्ड का नाही घेतला, येडा होता का? (व्यापारी, इतवारी)

येडा नव्हता, हट्टी होता.

नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला सायकली अन् पवनचक्क्या दिसतात, पण रॉटरडॅम बंदरातून युरोपात येणारं कोकेन हा तिथला फार मोठा धंदा आहे. त्या धंद्यातल्या रिदवान टागी नावाच्या म्होरक्यावर अन् त्याच्या टोळीवर खुनांचा मोठा खटला चालला, त्याला 'मारेंगो' म्हणतात. त्यात नबील बी. नावाचा टोळीतलाच माणूस माफीचा साक्षीदार झाला. हे जाहीर झालं मार्च २०१८ मध्ये, अन् आठवड्याच्या आत त्याच्या भावाला गोळ्या घातल्या, ज्याचा या धंद्याशी काही संबंध नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये नबीलच्या वकिलाला घराबाहेर मारलं. आता अशा साक्षीदाराच्या बाजूला कोण उभं राहणार? २०२० मध्ये दे फ्रीस राहिला, त्याचा सल्लागार म्हणून. त्याच्या आधीच २०१९ मध्ये त्याने स्वतः जाहीर केलं होतं की माझं नाव यांच्या यादीत आहे असं मला पोलिसांकडून कळलंय.

६ जुलै २०२१, संध्याकाळी साडेसात. ॲमस्टरडॅममध्ये लाइड्सेप्लाइन चौकाजवळच्या स्टुडिओत एका शोमध्ये बोलून हा गाडीकडे चालत निघाला, गजबजलेली गल्ली, आपल्या मोदी नंबर दोनसारखी, अन् तिथं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तासाभराच्या आत दोघं हायवेवर पकडले गेले. नऊ दिवस झुंजला, १५ जुलैला गेला. वय ६४. सुपारीची केस, सरळसरळ. जून २०२४ मध्ये गोळ्या झाडणारा अन् गाडी चालवणारा या दोघांना २८-२८ वर्षं झाली. टागीला त्याच वर्षी फेब्रुवारीत मारेंगोमध्ये जन्मठेप झाली, पण दे फ्रीसच्या खुनाचा आरोप त्या खटल्यात नव्हता, हे दोन वेगळे खटले आहेत, लोक मिसळून टाकतात.

बॉडीगार्डचं म्हणाल तर पोलीस पहाऱ्यात जगणं त्याला नको होतं. ते मला समजतं. पहाऱ्यात असलेल्या क्राईम रिपोर्टरला कोण खबर देईल? पण सगळं त्याच्या हट्टावर ढकलता येत नाही, २०२३ मध्ये तिथल्या सुरक्षा तपास मंडळाने नबीलचा भाऊ, त्याचा वकील अन् दे फ्रीस या तिन्ही प्रकरणांत सरकारी यंत्रणा कमी पडली असं लिहून दिलं.

एक गोष्ट मात्र बोलतो, काही लोकांना आवडणार नाही. त्या शेवटच्या वर्षात तो बातमीदार नव्हता. साक्षीदाराच्या टीमचा माणूस होता. तिथला राजा म्हणाला हा पत्रकारितेवरचा हल्ला आहे, अन् त्या दिवशी असंच म्हणायचं असतं, पण दे फ्रीसने ती रेघ केव्हाच ओलांडली होती, निकीच्या आईबापांच्या वतीने बोलायला लागला तेव्हाच. मी बिनधास्त सांगतो की मला ते पटत नाही, अन् मी तसं केलं असतं तर व्हरांड्यातल्या त्या बाईपुढे खोटं बोलावं लागलं नसतं. दोन्ही खरं आहे, आता याचं काय करायचं ते तुम्ही पाहा.

प्रश्न: परदेशातले लोक मोठे, आपले लहान, असंच का नेहमी? आपल्याकडे कोणी नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर)

आहेत ना काका. मुंबईचे ज्योतिर्मय डे, 'जे. डे' म्हणून माहीत असतील, 'मिड-डे'चे क्राईम रिपोर्टर, पुस्तकं पण लिहिली होती. ११ जून २०११ ला पवईत भर दुपारी मोटरसायकलवर असताना गोळ्या घातल्या. २०१८ मध्ये छोटा राजनसकट नऊ जणांना जन्मठेप झाली. म्हणजे दे फ्रीसच्या दहा वर्षं आधी आपल्याकडे हेच झालं. माझ्या पिढीतला प्रत्येक क्राईम रिपोर्टर त्या दिवशी घरी जाताना मागे वळून पाहत होता, मी पण.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. मी वर लिहिलं 'नबील बी.', ते आडनाव विसरलो म्हणून नाही. तिथले पेपर आरोपीचं पूर्ण आडनाव सहसा छापतच नाहीत, पहिलं अक्षर अन् टिंब. दे फ्रीसवर गोळ्या झाडणारा पण तिथल्या पेपरात 'डेलानो जी.'च आहे, सगळा देश चिडलेला असतानाही. आपल्याकडे नुसतं चौकशीला बोलावलं तरी नाव, वय, गल्ली, बापाचा धंदा, सगळं छापून मोकळे. पुढे तो सुटला तर आतल्या पानावर चार ओळी, त्या पण जाहिरात कमी पडली तर. मी पण केलंय हे, हातचं काय लपवू.

प्रश्न: काका, मी दहावीला आहे. मला क्राईम रिपोर्टर व्हायचं आहे. आई म्हणते डोकं फिरलंय. सुरुवात कुठून करू? (मानेवाडा)

आई बरोबर म्हणते पण तरी सांगतो. आधी दहावी नीट दे. मग एफआयआर वाचायला शीक, बहुतेक एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकलेले असतात, संवेदनशील सोडून. भाषा भयंकर असते, 'सदर इसमाने' वगैरे, पण त्यातच सगळं असतं, वेळ काय लिहिली, तक्रार किती तासांनी दिली, तक्रारदार कोण. एक वही कर, त्यात एकच केस घे, कोणतीही, छोटी चालेल, अन् तिची प्रत्येक तारीख लिहीत जा निकाल लागेपर्यंत. एकच. दोन नको घेऊ.

अन् कोर्ट पाहायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला घेऊन सिव्हिल लाइन्सला ये, कोर्ट उघडं असतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं, फक्त मोबाइल बंद. अकराला ये. मी हल्ली तिथंच असतो, हुडकेश्वरच्या त्या दादांची तारीख असते त्या दिवशी तर नक्कीच.